खालून बघणारे भाऊ

भाऊंच्या अंगणात पाहुण्याची गाडी शिरली की "या, या" म्हणायला वहिनी पुढे होतात. भाऊही पुढे होतात, पण ते पाहुण्याकडे जात नाहीत. मागच्या चाकापाशी उकिडवे बसतात, मान जमिनीला टेकेल इतकी वाकडी करतात आणि तिथूनच विचारतात, "प्रवास बरा झाला ना?" पाहुण्याला वाटतं, बिचाऱ्यांचं काहीतरी घरंगळलं असावं. तेवढ्यात गाडीखालून आवाज येतो. ठण, ठण, ठण, ठस. ठस ऐकू आलं की भाऊ बाहेर येतात, गुडघे झटकतात आणि पाहुण्याला बाजूला घेऊन हळूच सांगतात, "डाव्या बाजूला धरलंय."

धरलंय म्हणजे गंजाने. त्यासाठी भाऊंच्या खिशात कायम एक सोनाराची हातोडी असते. चांगलं लोखंड वाजतं, गंजाने आतून खाल्लेलं वाजत नाही, ही परीक्षा खरीच आहे. जुनी गाडी घेणारे जाणते लोक ती करतातच. पण ते गाडी घेताना करतात. भाऊ कोणाचीही, कधीही, न विचारता करतात. गावातल्या एका लग्नात वरातीची सजवलेली गाडी दारात उभी होती. नवरा आत बसलेला, बँड सुरू, आणि भाऊ खाली. बँडच्या आवाजात ठण की ठस ते नीट कळेना, म्हणून त्यांनी बँडवाल्यांना दोन मिनिटं थांबायला सांगितलं. थांबले ते! भाऊंच्या आवाजात अजून बांधकाम खात्याचा अधिकार आहे.

सगळी नोकरी खाडीपुलांवर झाली. पुलाच्या काँक्रीटमधल्या सळईला खारी हवा लागली की ती गंजते, आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो. ती जागा काँक्रीट देत नाही. मग सळई आतून फुगून काँक्रीट फोडते. हे ज्याने वर्षानुवर्षं डोळ्यांनी पाहिलं, त्याचा वरच्या रंगावरचा विश्वास उडणारच. भाऊंचा तो गाड्यांवरून उडाला, घरांवरून उडाला आणि हळूहळू माणसांवरूनही. नवीन माणूस भेटला की ते त्याच्या बुटांच्या टाचा बघतात.

राहायला हर्णैच्या बाजूला. घरातून लाटांचा आवाज येतो. अशा जागी निवृत्तीनंतर माणसाने आरामखुर्ची घ्यावी. भाऊंनी जीप घेतली, चारही चाकांना ताकद जाणारी. सह्याद्रीतल्या आडवाटा पालथ्या घालायच्या, असा बेत होता. पहिल्याच उन्हाळ्यात एका पाणंदीत जांभ्याचा दगड इंजिनाच्या चेंबरला घासून गेला. चेंबर फुटला नाही, पण भाऊंची झोप उडाली. त्यांनी पोटाखाली चार मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा बसवून घेतला. शहरातली पोरं त्याला स्किड प्लेट म्हणतात, आमचा मिस्त्री चेंबरचा पत्रा म्हणतो. आठ बोल्ट, काळाभोर रंग. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या गिअरबॉक्सखाली असाच पत्रा असे, आणि त्याच विलीजचे सुटे भाग आणून पुढे मुंबईत महिंद्रांनी जीप जोडायला सुरुवात केली, हा इतिहास भाऊ चहाबरोबर सांगतात. चहा निवतो, इतिहास निवत नाही.

पत्रा बसला आणि भाऊंचं आयुष्य बदललं. आधी दगडाची भीती होती. आता पत्र्याला दगड लागून रंग उडेल, रंग उडालेल्या जागी ओल धरेल आणि ओलीतून गंज शिरेल, ही भीती सुरू झाली. चिलखत घातल्यावर माणूस लढाईला जातो की नाही? भाऊ चिलखत पुसत घरी बसले. दापोलीला वहिनी एसटीने जातात. गुहागरला जायचं तर दाभोळहून फेरीबोटीने पलीकडे धोपावेला उतरायचं, हा सगळ्यांचा रस्ता. पण बोटीच्या फळीपाशी चाकांना दोन हात खारं पाणी लागतं, म्हणून भाऊ खेड, चिपळूण असा अख्खा वळसा घालून जातात. डिझेलचा हिशोब विचारला की म्हणतात, "डिझेल परत मिळतं. लोखंड मिळत नाही."

त्यांचा सगळ्यात मोठा वाद मात्र कोकणाशीच आहे. एकदा अंगणातली मूठभर माती उचलून ते मला म्हणाले, "ही लाल का, सांग." मी म्हटलं, कोकणची माती लालच. "अरे, लोखंडाचे ऑक्साइड आहेत तिच्यात! जांभा दगड म्हणजे काय? पाण्यापावसाने खडकातलं बाकीचं वाहून नेलं आणि हे मागे ठेवलं. आपण गंजाच्या चिऱ्यांची घरं बांधतो, गंजात कलमं लावतो आणि वर गंजाचा हापूस खातो." म्हणाले आणि पेटीतला आंबा सोलून खाल्ला. रागाने खाल्लेला हापूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

त्यांची तीर्थयात्राही याच धर्माची. वहिनींना दिल्लीत बाजार करायचा होता. भाऊंनी त्यांना कुतुबमिनारापाशी नेऊन लोहस्तंभाच्या कुंपणाला उभं केलं. सुमारे सोळाशे वर्षांचा, सात मीटरहून उंच, सहा टनांच्या वरचा खांब, आणि गंजलेला नाही. लोखंडात फॉस्फरस जास्त, त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर तयार झाला, आणि वर दिल्लीची कोरडी हवा. लोक खांबाकडे मान वर करून बघत होते. भाऊ साहजिकच बुंध्याकडे बघत होते. घरी आल्यावर त्यांनी कुठूनसं वाचून काढलं की १९६१ मध्ये तो खणून बाहेर काढला, तेव्हा जमिनीतल्या भागावर गंजाचा थर सापडला होता. त्या दिवशी भाऊंनी पेढे वाटले. "मी म्हणत नव्हतो? सम्राटाचा खांब असो नाहीतर कोणाचा, खालून बघा!"

आणि तरीही, इतकी राखण करूनही, त्यांच्या पत्र्याला गंज लागला. म्हणजे राखणीमुळेच लागला, असं मिस्त्रीचं मत. एका मेमध्ये जीपखाली झोपले असताना भाऊंच्या चष्म्यावर तपकिरी पापुद्रा पडला. ते तसेच पडून राहिले. वहिनींना वाटलं झोप लागली.

मिस्त्री आला. आठ बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. रिंग पाना लावला, पाइप घालून दांडा लांब केला, तेव्हा पाच कुरकुरत का होईना पण निघाले. सहाव्याचं डोकं गोल झालं, ते ग्राइंडरने उडवावं लागलं. सातवा गॅसच्या ज्योतीने लालबुंद केल्यावर सुटला; ज्योत पेटवण्याआधी भाऊंनी डिझेलच्या टाकीवर ओलं गोणपाट टाकलं आणि हातात पाण्याची बादली घेऊन देवाचं नाव घेतलं. आठव्याने मात्र सगळ्यांना हरवलं. त्याचा नट चॅसिसच्या आत वेल्ड केलेला असतो. त्या वेल्डलाच गंजाने खाल्लं होतं, त्यामुळे बोल्ट फिरवला की आतला नटही फिरे. ग्रामसभेतल्या चर्चेसारखं काम. फिरतंय खूप, पण खाली काही येत नाही.

"भाऊ, ह्यो काय ऐकत नाय," मिस्त्री म्हणाला.

"ऐकणार कसा? गेल्या वर्षीच काढून आट्यांना ग्रीस लावायला हवं होतं."

"मग लावलंत का नाय?"

"काढताना रंग उडाला असता!"

शेवटी बोल्ट कापला आणि पत्रा खाली आला. एकटा आला नाही. त्याच्या पाठीवर एक संसार होता. ओंजळी ओंजळी लाल चिखल, आंब्याची कुजलेली पानं आणि एका कोपऱ्यात उंदराने नीट रचलेल्या काजूच्या बिया. जमिनीकडची बाजू, जिच्यासाठी भाऊंनी वर्षानुवर्षं पाठ धरून घेतली, ती किरकोळ तांबूस. वरची, इंजिनाकडची बाजू पापुद्र्यापापुद्र्याने सुटलेली. पोटाखालच्या पत्र्याची हीच गोम आहे. तो दगड अडवतो तसा चिखलही धरून ठेवतो. चिखल ओल धरतो, चिखलातलं मीठ हवेतून आणखी ओल ओढतं, आणि वरून पत्रा दिसत नाही. पाणी निघून जावं म्हणून पत्र्याला भोक ठेवलेलं होतं. ते चिखलाने बुजलं. मग गंजाने शेजारी स्वतःचं भोक पाडलं.

मिस्त्रीचा उपाय सरळ होता. जळकं ऑइल, त्यात थोडं डिझेल, ब्रशने सगळीकडे. भाऊ उसळले. तेलाने रबराचे बुश फुगून मऊ पडतात, धूळ चिकटते, पहिल्या चार पावसात अर्धं ऑइल विहिरीच्या वाटेला लागतं. मग मिस्त्री म्हणाला, वरून काळं रबरी कोटिंग मारू. भाऊ आणखी उसळले. गंजावर कोटिंग मारलं की गंज आत सुरक्षित राहतो; कोटिंगला तडा गेला की पाणी आत जातं आणि बाहेर येत नाही. "मग रेड ऑक्साईड मारू?" मिस्त्रीने आशेने विचारलं. भाऊ बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. "त्या रंगात लाल काय असतं, माहीत आहे?" असतं तेच, लोखंडाचं ऑक्साइड. गंजाला गंजाच्याच भावाचा पहारा! हा पहारा चांगल्या साफ केलेल्या लोखंडावर ठीक काम करतो, हे भाऊंना माहीत आहे. पण तत्त्व म्हणून चालत नाही.

शेवटी तारेच्या ब्रशने पत्रा घासघासून साफ केला, भोकाचा भाग कापला, नवा तुकडा वेल्ड केला, आणि पत्रा घाटावर पाठवून वितळलेल्या जस्तात बुडवून आणला. साधारण साडेचारशे अंश तापमानाचं जस्त. यामागचं शास्त्र सांगताना भाऊंचा गळा दाटतो. ओरखडा गेला तरी आधी जस्त झिजतं, लोखंड वाचतं. "स्वतः झिजायचं आणि दुसऱ्याला राखायचं," असं म्हणून त्यांनी एकदा भर बैठकीत वहिनींकडे हात केला. लग्नानंतर त्यांनी केलेलं हे पहिलं कौतुक. वहिनी म्हणाल्या, "जस्त असेन, पण माझा तुषार परत द्या."

तुषाराचं प्रकरण असं. सुपारीच्या बागेत पाणी उडवणारा फिरता तुषार भाऊंनी उचलून जीपखाली ठेवला. नळ सोडला की गोडं पाणी खालून सगळ्या सांदीकोपऱ्यांत जातं, झोपायला नको, पाठ भिजायला नको. युक्ती नामी आहे, मीही ती इतरांना सांगतो. फक्त त्या उन्हाळ्यात सुपाऱ्या सुकल्या आणि जीप ताजीतवानी राहिली.

या सगळ्याचा कळस झाला लेकीच्या बघण्याच्या कार्यक्रमात. मुलगा पुण्याचा, आयटीतला, आईवडिलांना घेऊन मोठ्या फोर बाय फोरमधून आलेला. पोहे आले. भाऊंनी मुलाला एकच प्रश्न विचारला, "गाडी कुठे कुठे नेता?" मुलगा नम्रपणे म्हणाला, "फारशी नाही काका. कोथरूड ते हिंजवडी, बस." भाऊ उठले. वहिनींनी "बसा" म्हणून डोळे वटारले, पण भाऊ अंगणात पोचले होते.

पंधरा मिनिटांनी ते परत आले. हातात वर्तमानपत्राचा कागद. तो त्यांनी पोह्यांच्या बशांमध्ये पसरला. गाडीच्या पत्र्याच्या वरच्या अंगाने खुरप्याने काढलेला मुद्देमाल. वाळू, शिंपल्यांचा चुरा, सुरूच्या काड्या आणि बिअरच्या बाटलीचं एक बूच.

"हिंजवडीला समुद्र कधी आला?" भाऊंनी विचारलं.

मुलाच्या वडिलांनी बूच उचलून उजेडात धरलं. "फेब्रुवारीत तू ट्रेनिंगला नाशिकला गेला होतास ना रे?" मुलाची आई म्हणाली, "आणि एकटाच होतास ना?" मुलगा पोह्यातले शेंगदाणे मोजू लागला. लेक पदर तोंडाला लावून आत पळाली. आतून हसण्याचा आवाज आला.

पाहुणे गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "खोटं बोलला हो मुलगा."

"खोटं सगळेच बोलतात," भाऊ म्हणाले. "वाळूत गेला, जाऊ दे. प्यायला, वय आहे. पण परत आल्यावर गोड्या पाण्याने धुतली नाही! अशा घरात मुलगी कशी द्यायची?"

लेकीने मात्र निकाल देऊन टाकला होता. "मला हाच हवा. जन्म समुद्राकाठी गेला, घरात फोर बाय फोर आहे, आणि मी तिच्यातून एकदा पुळणीवर गेले नाही. निदान हा नेईल तरी."

लग्न झालं. दिवाळसणाला जावई आले. वहिनींनी अंगठी दिली. भाऊंनी गोणपाटात गुंडाळलेली जड वस्तू दोन माणसांकडून उचलून आणवली. जस्तात बुडवलेला नवा पत्रा, आठ बोल्ट आणि आट्यांना लावायच्या ग्रीसचा डबा. लेकीने नवऱ्याकडे बघितलं. आता हा हसणार, पत्रा पडवीत ठेवणार आणि आपण दोघं संध्याकाळी पुळणीवर जाणार, असा तिचा हिशोब असावा.

जावई पत्र्यापाशी उकिडवे बसले. बोट फिरवलं. मग वाकून वरच्या अंगाने बघितलं.

"बाबा, पाणी जायला भोकं दोनच ठेवलीत? चिखलाने बुजतील. मागच्या कडेला आणखी दोन हवीत."

भाऊंच्या तोंडून काही वेळ शब्द फुटेना. मग ते म्हणाले, "जावईबापू, आधी चहा घ्या. मग ड्रिल काढतो."

वहिनींनी लेकीकडे बघून कपाळाला हात लावला. "हाही गेला," म्हणाल्या.