ट्रेचा काठ

नेरूळच्या आमच्या प्रयोगशाळेत समविभव रेषांचा प्रयोग लागला की सगळ्यांची नजर पाण्यावर. उथळ काचेचा ट्रे, खाली आलेख कागद, पाण्यात दोन गोल पितळी ठोकळे, सहा व्होल्टचा एलिमिनेटर आणि मल्टिमीटर, एवढंच साहित्य. पाणी नळाचं, म्हणजे महापालिकेच्या मोरबे धरणातलं. त्यातल्या क्षारांमुळेच वीज वाहते. कुणी हौसेनं डिस्टिल्ड वॉटर ओतलं तर प्रयोग जवळपास ठप्प.

मग मुलं पाण्यात टोक फिरवत तीन व्होल्ट कुठे कुठे मिळतात ते शोधतात. अशा ठिकाणांना जोडणाऱ्या रेषेवरून विद्युतभार कितीही फिरवा, विद्युतक्षेत्राचं कार्य शून्य. ते शून्य शोधता शोधता पोरांच्या पाठी मोडतात. त्यात ठोकळ्यांवर बुडबुडे जमतात आणि ‘सर, रीडिंग पळतंय!’ अशी हाक येते. एलिमिनेटरऐवजी कमी दाबाचा एसी वापरला तर हा त्रास बराच कमी होतो, पण मग हाका कुणी मारायच्या?

क्षेत्ररेषांची कल्पना रुजवली मायकेल फॅरडेनं. पोरवयात तो बुकबाइंडरकडे उमेदवारी करायचा आणि गणित त्याचं जेमतेमच. त्याच्या चित्रांना समीकरणं पुढे मॅक्सवेलनं दिली. हे ऐकून मागच्या बाकावर फार समाधान पसरतं.

खरी गंमत ट्रेच्या काठाशी आहे. पुस्तकातल्या चित्रात प्रत्येक समविभव रेषा आपापल्या ठोकळ्याभोवती वळसा घालून बंद होते. (मधली एक तेवढी सरळ.) ट्रेत मात्र ठोकळ्यापासून लांबच्या रेषा काठाला जाऊन भिडतात, त्याही काटकोनात. काचेतून वीज जात नाही, म्हणून ती काठाला समांतर वाहते. आणि समविभव रेषा तिला छेदणार ती काटकोनातच. इतकं देखणं भौतिकशास्त्र समोर असताना मुलं सबमिशनच्या आदल्या रात्री खोडरबर घेऊन बसतात. सिडकोनं आखलेल्या सेक्टरांत वाढलेली ही मुलं. नकाशात आहे तसंच जमिनीवर असणार, हा त्यांचा जन्मजात विश्वास. जर्नलांत सुबक, बंद, धादांत खोटी वर्तुळं उमटतात.

एकीनं मात्र रेषा काठाशी तशाच सोडल्या होत्या. व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, ‘या बंद का केल्या नाहीत?’

ती म्हणाली, ‘सर, तिथे ट्रे संपतो.’

परीक्षकांना उत्तर त्रोटक वाटलं. ते माझ्याकडे बघू लागले. मी चहा मागवला.