निवडुंगाचं बारसं

निवृत्त माणूस सगळ्यांना नावं ठेवतो. मीही ठेवली, फक्त झाडांना, आणि लॅटिनमध्ये.

भिलाईत पाऊस तसा बरा पडतो, पण आमच्या घरामागची जमीन म्हणजे छत्तीसगढी भाषेतली 'भाठा': लाल, मुरमाड, पाणी न धरणारी. तिथे माझा गुलाब तीनदा मेला. तेव्हा म्हटलं, शिवनाथच्या खोऱ्यात आपोआप जगणारी रसाळ झाडंच लावू. बांधाबांधांवरून फांद्या आणल्या आणि पत्र्याच्या पाट्या रंगवायला बसलो.

हाडजोडीला 'सिसस क्वाड्रँग्युलॅरिस', म्हणजे चौधारी. कुंडीत आगंतुक उगवलेल्या घोळीला 'पोर्टुलाका ओलेरासिया'. ओलेरासिया म्हणजे भाजीची. पाटी वाळायच्या आत हिने घोळ डाळीत घातलीसुद्धा. कोरफड मूळची अरबस्तानची, पण आता घरचीच म्हणून तिलाही पाटी. 'आलोए वेरा' असं मोठ्याने वाचलं, तर स्वयंपाकघरातून आवाज आला, "आलात तर हात धुऊन या."

कोपऱ्यातल्या तिधारी निवडुंगावर मी 'कॅक्टस' लिहिलं होतं. शेजारचे जीवशास्त्राचे मास्तर ते वाचून हळहळले. "भाईसाब, कॅक्टस का लगभग पूरा खानदान अमेरिका का है. ये तो अपना देसी युफोर्बिया अँटिकोरम है." मराठीने दोघांनाही निवडुंग म्हणून एकाच पंगतीत बसवलंय, त्याला मी काय करणार? मास्तरांनी खूण सांगितली: टोचलं की युफोर्बियातून पांढरा चीक येतो, कॅक्टसमधून सहसा येत नाही.

मास्तर वळले आणि मी चाकू घेतला. ब्लास्ट फर्नेससमोर ३४ वर्षं गॉगलशिवाय उभा राहिलो नाही. पण कुंडीसमोर गॉगल कोण लावतो? चीक आला. पांढराशुभ्र आला. थेट डोळ्यात आला. शास्त्र सिद्ध झालं आणि शास्त्रज्ञ नळाखाली गेला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "क्या गया आँख में?"

"युफोर्बिया अँटिकोरम," मी एक डोळा मिटून, पण स्पष्ट उच्चारात.

"कोई केमिकल है?"

युफोर्बिया हे नाव पडलं युफोर्बस या राजवैद्यावरून, आणि ते ऐकून वैद्यच बुचकळ्यात! शेवटी सोबत आलेली आमची कामवाली बाई म्हणाली, "थूहर के दूध आय, साहेब." डॉक्टर लगेच उठले आणि डोळा धुवायला लागले.

डोळा वाचला. घरी आलो तर माझी पाटी गायब. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसच्या आधी झाडाचं नाव म्हणजे अख्खं वर्णनच असे. १७५३ साली त्याने ते दोन शब्दांवर आणलं. हिने एका दुपारी शास्त्र पुन्हा मागे नेलं होतं. निवडुंगावर नवी पाटी होती: 'चीक डोळ्यात उडतो. गॉगल लावूनच हात लावावा. विशेषतः ह्यांनी.'