काप्रीच्या चहाड्या

—वहिनी! कालपासून बघतेय, दोरीवर कपडे दिसतायत पण माणूस दिसत नाही. कसं झालं बोटीवरचं?

—झोपा काढत होते हो ताई. बोटीवरचं काय सांगायचं, उठल्यापासून निजेपर्यंत खाणं. मजा आली ती काप्रीला. सकाळी बोट नेपल्सला लागली आणि साडेपाचच्या आत परत चढा म्हणाले. सगळा ग्रुप बसमधून पॉम्पेईला गेला. आम्ही दोघं आणि ते चार नंबरवालं जोडपं, असे चौघंच बेटावर.

—चार नंबरवाले? तुमच्याबरोबर होते? थांबा, गॅस बंद करून येते.

—...आलात? त्यांच्यावर येतेच, आधी बेटाचं ऐका. मोठी बोट लागते तिथून चालत गेलं की शेजारीच दुसरा धक्का. तिथून लहान वेगवान बोटी सुटतात, तासाच्या आत काप्री. मी उतरल्या उतरल्या परतीची तिकिटं काढून घेतली. आपलं आपण फिरायला गेलं की मोठी बोट थांबत नाही हो. बोटवाल्यांच्या सहलीतून गेलात आणि उशीर झाला तर थांबतात, नाहीतर पुढचं बंदर स्वखर्चानं गाठायचं.

—अगं बाई! मग बघितलं काय काय?

—सगळे जातात निळ्या गुहेसाठी. तिचं तोंड जेमतेम मीटरभर उंच. होडीत चौघांनी आडवं पडायचं, नावाडी भिंतीवरची साखळी ओढून होडी आत घालतो. पाण्याखालच्या वाटेनं ऊन आत येतं, म्हणून पाणी निळं पेटल्यासारखं दिसतं म्हणे.

—म्हणे? म्हणजे तुम्ही...

—बंद होती. लाटा असल्या की आत सोडतच नाहीत. चार नंबरवाले तिथे तावातावानं बोलत होते, माझे पैसे म्हणून. पैसे अजून दिलेच नव्हते! मजा बघा, पूर्वी गावची माणसं त्या गुहेत भुतं आहेत म्हणून जायची नाहीत. 1826 मध्ये कोपिश नावाचा एक जर्मन पोहत आत गेला, त्यावर लिहिलं, आणि शोध त्याच्या नावावर. बरोबर गावचाच कोळी होता, त्याचं नाव कोण घेतंय! बरं, 1964 ला तळातून रोमन पुतळे काढले. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच राजे तिथे डुंबून गेलेले.

—मग तुम्ही दिवसभर केलंत काय?

—बंदरावरून दोरानं ओढायची छोटी रेल्वे आहे, 1907 पासूनची. ती वर चौकात सोडते. चौक म्हणजे आपल्या अंगणाएवढा, सगळी टेबलं-खुर्च्या. उभ्यानं कॉफी प्यायलो. बसलं की बिल वाढतं. तिथून पाऊण तास चढ चढून तिबेरियसच्या वाड्यावर गेलो. हे म्हणाले, गुडघे? मी म्हटलं, गुडघे बोटीवर जेवताना दुखत नाहीत ते!

—कोण हा तिबेरियस?

—रोमचा बादशहा. म्हातारपणी तिथे जाऊन बसला तो इ.स. 37 मध्ये मरेपर्यंत. रोममध्ये पुन्हा पाऊल टाकलं नाही, राज्यकारभार बेटावरून. वाड्याचे आता नुसते अवशेष, पण मधोमध पाण्याच्या टाक्या बघा ताई! बेटावर झरे फारसे नाहीत, त्या काळी सगळा पावसाच्या पाण्यावर कारभार. माझं माहेर दुष्काळी माणचं, माझी नजर आधी टाक्यांवरच गेली. बाकीचे दरीत डोकावत होते.

—दरीत काय होतं?

—नको असलेली माणसं तिथून खाली ढकलायचा म्हणतात. आणि एक ऐका. एक कोळी कड्यावरून चढून त्याला मोठा मासा भेट द्यायला आला. अचानक समोर माणूस बघून बादशहा दचकला. तोच मासा त्याच्या तोंडावर घासायला लावला. कोळी म्हणाला, नशीब, पकडलेली शेवंड नाही दिली! झालं, बादशहानं शेवंडही आणवली आणि तिनं त्याचं तोंड सोलून काढलं.

—बाई गं! मेल्याला काही माया?

—पण हे लिहिलं कुणी? स्वेटोनियसनं. तो जन्मला तेव्हा तिबेरियस जाऊन तीसेक वर्षं झालेली. बघणारा कुणी नाही, सगळं ऐकीव.

—काहीतरी असल्याशिवाय लोक बोलतात का?

—तेच म्हणत आले असणार दोन हजार वर्षं. मला विचाराल तर त्या बेटाचं खरं पीक चहाड्याच, लिंबं नंतर. क्रुप नावाच्या जर्मन पोलादवाल्यानं तिथे कड्यातून नागमोडी वाट बांधली. मग वर्तमानपत्रांनी त्याच्याबद्दल नाही नाही ते छापलं, आणि 1902 ला माणूस गेलाच. आणि तो डॉक्टर मुंते, स्वीडनचा! त्यानं आपल्या घरावर पुस्तक लिहिलं, जगभर खपलं. त्याच घरात कासाती म्हणून एक श्रीमंत बाई भाड्यानं शिरली. तो नको म्हणतोय, ही सामानासकट दारात! आत जाऊन म्हणे काळे पडदे लावले.

—भाडेकरू तिथेही तसलेच! लेखी करार नव्हता का?

—ते नाही विचारलं. त्या घराकडे जायला वेळच नव्हता, चपलांच्या दुकानात ऐकलं सगळं. तिथे पायाचं माप घेऊन डोळ्यांदेखत चपला जोडून देतात. किंमत ऐकून मी कोल्हापुरीकडे बघितलं आणि गप्प बसले. प्राडानं 2025 ला मिलानमध्ये आपल्या कोल्हापुरीसारख्याच चपला मिरवल्या होत्या ना, नावही न घेता! ओरड झाली तेव्हा कुठे कबूल केलं. जेवण मात्र आपल्या पोटाचं. टोमॅटो, पांढरं मऊ चीज, तुळशीची चुलतबहीण. ऑलिव्ह तेल घातलं की झाली कोशिंबीर. नावही बेटाचंच, काप्रेझे.

—ते राहू दे. चार नंबरवाल्यांचं सांगणार होतात.

—हां! रोज सकाळी नाश्त्याला आम्हाला ऐकवायचे, मी थेंबालाही शिवत नाही, बोटीवर सगळे कसे पितात बघा. परत चढताना पिशव्या यंत्रातून जातात. बाहेरून आणलेली दारू बोटवाले काढून घेतात, खोलीचा नंबर लावून ठेवतात आणि शेवटच्या दिवशी देतात. चार नंबरवाल्यांच्या पिशवीत निघाली लिमोनचेल्लो.

—म्हणजे?

—लिंबाच्या सालीची दारू हो! मागे सगळी रांग उभी. साहेब म्हणाले, लेमन सरबत आहे, मिसेसच्या पित्तासाठी. त्या पोरानं बाटली फिरवून लेबल दाखवलं आणि विचारलं, सर, केबिन नंबर?

—आणि मिसेस?

—समुद्राकडे बघत होत्या.

—बाई, बाई! आणि परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये... जाऊ दे. मी कुणाला सांगायची नाही हं वहिनी. किती बाटल्या म्हणालात, चार?

—दोन.

—चार दिसतायत मला तरी.