ताजा मासा नको!

माशाच्या बाबतीत मालवणी माणसाला अक्कल शिकवू नये. पत्रिका न बघता आम्ही एक वेळ सोयरीक जुळवू, पण कल्ला उचलून आतला लाल रंग पाहिल्याशिवाय सुरमई घेणार नाही. डोळा टपोरा हवा, अंगावर बोट दाबलं तर खळगा राहता कामा नये, पापलेटच्या कल्ल्यापाशी दाबल्यावर पांढरं पाणी यायला हवं. एवढं सगळं जमून आलं तरी शेवटी नाक मुरडून म्हणायचं, "बर्फातला दिसतोय." या एका वाक्यावर आमच्या वडिलांनी जन्मभर भाव पाडून घेतला.

या खानदानी विद्येवर आमच्या कन्येने एका झटक्यात बोळा फिरवला. "बाबा, रविवारी घरी सुशी करू या. तुम्ही फक्त सुशी ग्रेड मासा आणा."

गोपी टँक मंडईत आमची एक ठरलेली मावशी आहे. तिच्यासमोर उभा राहून मी शक्य तितक्या सहजपणे म्हणालो, "मावशी, मासा कच्चाच खायचाय. त्या हिशेबानं दे."

तिचा कोयता हवेतच थांबला. "कच्चा? का रे भाऊ, गॅस संपला काय?"

जपानी लोक खातात, असं मी सांगून पाहिलं. "त्यांना कोन करून घालनारं नसंल," ती कनवाळूपणे म्हणाली. मग आवाज उतरवून, "आईक. हा कच्चा खाव नको. जलमभर मासं इकलं, पन मी नाय खात." तिचं म्हणणं समोर दिसतच होतं. ज्या ओंडक्यावर आत्ता रावस कापला, त्यावरच कोलंबी सोललेली. ज्या बादलीत बोंबील बुचकळले, त्याच पाण्यात हात धुतलेले. आमटीत उकळणाऱ्या माशाला हे सगळं माफ असतं. शेजारचा एक विक्रेता "इंडियन सॅमन आहे ना!" म्हणून रावस पुढे करत होता. रावस आणि सॅमन यांचं नातं एवढंच, की दोघेही पाण्यात राहतात.

घरी येऊन अभ्यासाला बसलो. पन्नाशीनंतर माणूस दोनच विषयांचा अभ्यास करतो, स्वतःच्या रक्ताचे रिपोर्ट आणि मुलांचे हट्ट. पहिलाच शोध असा, की 'सुशी ग्रेड' अशी कुठली सरकारी प्रतच नाही. अमेरिकेत हा शिक्का जिथे तिथे दिसतो, पण तिथल्या कायद्यातही त्याची व्याख्या नाही. विकणाराच तो चिकटवतो. एप्रिलमध्ये रस्त्यावरच्या प्रत्येक पेटीवर 'देवगड हापूस' छापलेलं असतं, त्यातलाच प्रकार.

नियम आहे तो गोठवण्याचा. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन सांगतं, की कच्चा खायचा मासा उणे २० अंश सेल्सिअसला किंवा त्याखाली ७ दिवस ठेवा. नाहीतर उणे ३५ अंशांना कडक गोठवून तिथेच १५ तास राहू द्या. याला कारण अ‍ॅनिसाकिस नावाची बारीक, पांढरट अळी. ती समुद्रातल्या माशांच्या आतड्यात, मांसात दडून असते आणि कच्च्या घासाबरोबर आपल्या पोटात गेली तर जठराच्या अस्तरात तोंड खुपसते. मासा फडफडीत ताजा असेल तर तीही ताजीतवानी! मरते ती चांगल्या आचेने, नाहीतर कडाक्याच्या थंडीने. लिंबू, व्हिनेगर, वसाबी यांना ती भीक घालत नाही.

म्हणजे आमच्या पिढ्यान्‌पिढ्या ज्याला नाकं मुरडत आल्या, तो गोठवलेला मासाच कच्चा खायच्या लायकीचा! (मंडईतला फोडलेला बर्फ यात धरू नका. त्यात मासा शून्य अंशापाशी टिकतो, अळीही टिकते.) जुन्या त्सुकिजीच्या जागी २०१८ साली टोकियोत तोयोसू बाजार सुरू झाला. तिथे खोल समुद्रात बोटीवरच गोठवलेले टूना जमिनीवर ओळीने मांडतात आणि व्यापारी शेपटीच्या कापावर विजेरीचा उजेड टाकून मांस पारखतात. आमचे वडील तिथे "बर्फातला दिसतोय" म्हणाले असते, तर विकणाऱ्याने कमरेत वाकून त्यांचे आभार मानले असते.

मग कुपा आठवला. टूनाच तो. टूनाच्या काही मोठ्या जातींना गोठवण्याच्या नियमातून सूटही आहे. पण कुपा काय, बांगडा काय, गारव्याबाहेर राहिले की त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होतं. खाणाऱ्याचं अंग लाल होतं, डोकं ठणकतं, आणि हे हिस्टामिन शिजवूनही जात नाही. बोटीतून बंदर, बंदरातून टेम्पो, टेम्पोतून पाटी या प्रवासात त्याला ऊन किती लागलं, ते कल्ला उचलून कळत नाही. आमची विद्या इथे संपली.

"आपल्याच फ्रीजरमध्ये ठेवू की आठवडाभर," बायको म्हणाली. घरचा फ्रीजर उणे १८च्या आसपास, तोही कागदोपत्री. आमच्या फ्रीजरमध्ये मटार, खोवलेला नारळ, आईचं गुडघ्याला लावायचं जेलचं पाकीट आणि कुल्फी उरली का हे बघायला सारखं दार उघडणारा चिरंजीवांचा हात. तिथे अळी मरणार नाही, उलट ओळखी वाढवील.

उरला सॅमन. जपानी लोक आपल्याकडचा सॅमन पूर्वी या अळीच्या भीतीनेच कच्चा खात नसत. १९८०च्या दशकात नॉर्वेने आपला पिंजऱ्यात वाढवलेला सॅमन जपान्यांच्या गळी उतरवायची मोहीमच काढली. हा मासा जन्मभर कोरडं, दाणेदार खाद्य खातो, त्यामुळे अळीचा प्रश्न जवळजवळ मिटतो. सुशी म्हटल्यावर आज जी केशरी पट्टी डोळ्यांसमोर येते, ती अशी नॉर्वेच्या विक्रेत्यांची कर्तबगारी. मुंबईत हा मासा विमानाने येतो. मासा खाली उतरतो, भाव वरच राहतो.

तो गोठवलेलाच आणला, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर सुटू दिला. भाताला इंद्रायणी वापरला. तो चिकटतो छान, व्हिनेगर-साखरही गुण्यागोविंदाने पिऊन घेतो. कन्या खूश. आईने एक तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "भात गार झालाय. आणि मासा तळायचा राहिलाय."

तेव्हा घरी हा उद्योग करणार असाल तर कच्चं खाण्यासाठी म्हणून गोठवलेला, सीलबंद मासाच घ्या, सुटला की त्याच दिवशी संपवा, आणि गरोदर बाई, लहान मूल, आजारी म्हातारी माणसं यांच्या पानात वाढू नका. त्यांच्यासाठी काकडी आणि उकडलेल्या कोलंबीची सुशी करा, तीही सुशीच. आणि बांगडा आणलात तर कृपा करून तळूनच खा.