तांदळाच्या डब्यातील समस्त मंडळींस

पुणे, जून २०२०

समस्त टोके, सोंडे आणि अळ्या,
मु. पो. तांदळाचा डबा, माळ्याखालची फळी.

सप्रेम नमस्कार वि. वि.

आपण सहकुटुंब सहपरिवार आमच्याकडे मुक्कामाला आलात, आभारी आहे. गेल्या तीन महिन्यांत तुमच्याखेरीज कुणी पाहुणा आमचा उंबरठा ओलांडून आलेला नाही. आज जाळी धरलेला रवा गॅलरीत वर्तमानपत्रावर पसरताना वाटलं, हिशेब तुमच्यापुढे मांडावा. माल शेवटी तुमच्याचसाठी भरला गेला.

२४ मार्चला रात्री आठ वाजता पंतप्रधान बोलायला लागले आणि मध्यरात्रीपासून २१ दिवस टाळेबंदी म्हणाले. किराणा, दूध, औषधं मिळत राहणार होती. पण ते ऐकायला थांबतो कोण? मी पिशव्या घेऊन जिन्यात होतो. पाचच दिवसांपूर्वी, १९ तारखेला, साठा करू नका असं त्यांनीच सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. ते इतरांना उद्देशून आहे, असा माझा समज.

दुकानापुढे अख्खी गल्ली लोटलेली. माणसांपासून लांब राहायचं म्हणून आम्ही सगळे एकमेकांच्या मानेवर श्वास सोडत उभे! पुढच्याने पाच किलो रवा मागितला, म्हणून मी दहा मागितला. आमच्याकडे उपमा कुणाला फारसा आवडतो असं नाही. शिवाय तीस किलो तांदूळ, चार किलो साबुदाणा (एकादशी घरात कुणी करत नाही) आणि मिठाच्या सात पिशव्या. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. साखरगाठी तेवढी आणायची राहिली.

साठवण आमच्या घराला नवी नाही म्हणा. बाजारात नवा गहू उतरला की आजी वर्षाचं धान्य भरायची. गच्चीवर ऊन दाखवायचं, दुपारभर निवडायचं, डब्यात कडुनिंबाचा पाला, तूरडाळीला एरंडेल चोळायचं. हे सगळं आठवडेच्या आठवडे चाले, आणि तिने पोतं घेतलं म्हणून मागच्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने परतावं लागत नसे. माझी बेगमी चाळीस मिनिटांत उरकली. ऊन नाही, पाला नाही, एरंडेलाचा थेंब नाही.

तुम्ही मात्र काम नीट करता. सोंडेताई दाण्याला भोक पाडतात, आत अंडं ठेवतात आणि वरून तोंड लिंपून टाकतात. अळी आतल्या आत दाणा खात मोठी होते. एकेका ताईची अंडी शेकड्यांनी, आणि उन्हाळ्यात महिन्याभरात पुढची पिढी डब्याबाहेर. टाळेबंदी कशी पाळावी, हे तुमच्या पोरांकडून शिकावं.

आता एक खासगी गोष्ट. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी रोजच्या पैशांतून रोजचं आणतात. पाव किलो डाळ, अर्धा किलो तांदूळ. पाडव्याला सकाळी त्या त्याच दुकानात गेल्या. तांदूळ संपलेला, रवा संपलेला. त्यांनी फोन केला, तेव्हा मी तांदळाच्या गोणीला टेकूनच बसलो होतो. "काळजी नका करू मावशी, सरकार बघतंय," असं मी म्हणालो. सरकारने खरंच दुसऱ्या दिवशी रेशनकार्डावर माणशी महिन्याला ५ किलो धान्य फुकट जाहीर केलं. पण कार्ड गावाकडचं, आणि मावशी पुण्यात.

फोन आला त्या दिवशी मी गोणीजवळून उठलो नाही. तुम्ही साक्षीला होता की नाही, ठाऊक नाही. बहुधा दाण्यांत होता.

सोसायटीने गेल्या आठवड्यात मावशींना आत सोडायला सुरुवात केली. पहिल्याच दिवशी त्यांना सूप दिलं आणि तुमच्या वस्तीसकट तांदूळ पाखडायला बसवलं. त्यांनी तासभर पाखडला, तुम्हाला गॅलरीबाहेर झटकलं आणि विचारलं, "एवढा कशाला भरला होता, दादा?"

उत्तर सुचल्यास कळवावे.

आपला अन्नदाता,
दुसरा मजला

ता. क. मिठाच्या सहा पिशव्या अजून बंद आहेत. तुम्ही त्यांना तोंड लावत नाही, असं दिसतं.