थकीत गोधड्या

गोधडी शिवून होण्याच्या कितीतरी आधी तिच्या कोपऱ्यात लावायची पट्टी माझी तयार असते. पांढऱ्या पॉपलिनवर मरून दोऱ्याने, साखळी टाक्यात, वर माझं नाव, त्याखाली ‘मायेची ऊब’ आणि त्याखाली साल. नाव टिकतं, ऊबही टिकते. सालातला शेवटचा आकडा मात्र दर जानेवारीत उसवून नवा घालावा लागतो. एका पट्टीवर त्या जागचं कापड इतकं विरलंय, की यंदा आकड्याआधी रफू करावं लागेल.

बँकेतून निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात मी जाहीर केलं होतं, की आता राहिलेल्या सगळ्या गोधड्या पूर्ण करणार. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की काम झाल्यासारखंच वाटतं, ही तिमाही बैठकांनी लावलेली सवय. दुसऱ्याच दिवशी जाड पुठ्ठ्याची वही आणली आणि लाल शाईने रकाने आखले: गोधडी, सुरू केल्याची तारीख, सद्यःस्थिती, उद्दिष्ट, शेरा. शेऱ्याचा रकाना सर्वांत रुंद ठेवला, कारण उभी नोकरी मी दुसऱ्यांच्या कामावर शेरे मारून पगार घेतला होता. वही इतकी देखणी झाली, की आल्यागेल्याला मी गोधडीऐवजी तीच दाखवू लागले. लोकही ‘किती व्यवस्थित गं तुझं!’ म्हणतात. मला तेवढं पुरतं.

नोंदी करायला बसले आणि हात जुन्या वळणावर गेला. हप्ता ९० दिवस थकला की कर्ज एनपीए, हा रिझर्व्ह बँकेचा नियम ३१ मार्च २००४ पासूनचा. त्यानंतर बारा महिने ते सबस्टॅण्डर्ड, पुढे डाउटफुल, आणि ज्यातून काही निघणार नाही हे सगळ्यांनाच कळून चुकलंय ते लॉस. हा निकष लावला तर माझ्याकडे स्टॅण्डर्ड एकही निघेना. दिवाणाच्या पोटात सबस्टॅण्डर्ड, कपाटावरच्या बॅगेत डाउटफुल, आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत जे काही आहे ते लॉस. भाचीच्या बारशासाठी घेतलेलं दुपटं तर २००४च्याही आधीचं, १८० दिवसांची सवलत होती त्या काळातलं. ते त्या सवलतीतसुद्धा बसलं नव्हतं.

शाखेत असताना एक चाल ठरलेली दिसायची. खातं एनपीए व्हायला दोन दिवस उरले, की कर्जदार कुठून तरी थोडे पैसे आणून भरायचा आणि खातं जिवंत व्हायचं. कधी जुनं फेडायला नवं कर्ज दिलं जायचं. याला एव्हरग्रीनिंग म्हणतात, आणि तपासणीत ते सापडलं की मॅनेजरची धडगत नसते. अशा लोकांना मी काय काय सुनावलंय! आता घरात तेच करते. ८९व्या दिवशी गोधडी काढायची, कडेने वीतभर धावदोरा घालायचा, घडी करून परत ठेवायची. उत्साह यावा म्हणून नवं कापड आणायचं. ते नव्या गोधडीत जातं. तपासनीसही मीच असल्यामुळे शेरा नेहमी ‘प्रगती समाधानकारक’ असा पडतो.

वसुलीची आशाच संपली तर एकरकमी तडजोड. डबल बेडची गोधडी सिंगलवर आणायची, सिंगलची दुपट्यावर, दुपट्याची उशीच्या अभ्र्यावर. एक तर अशी उतरत उतरत गॅसजवळच्या फडक्यापर्यंत आली. गरम पातेलं तिने उतरवतो. पण त्या फडक्यावर लॉग केबिनचा अख्खा चौकोन आहे आणि कोपऱ्यात माझ्या नावाची पट्टी.

लॉग केबिन ही अमेरिकेत रुळलेली पद्धत. मधोमध एक चौकोन, बहुधा लाल, आणि त्याच्या चारी बाजूंनी पट्ट्या वाढवत बाहेर जायचं. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी बायका कवंदी शिवतात, तिचं बरोबर उलटं. कोपऱ्यापासून सुरुवात, कडेकडेने तुकडे दुमडून धावदोऱ्याने बसवत फिरायचं आणि फिरत फिरत मध्यावर यायचं. चार कोपऱ्यांना त्रिकोणी घड्यांची फुलं लागतात. फुलं नसली तर त्यांना कवंदी उघडी वाटते. मी दोन्ही पद्धती शिकले. परिणामी आमच्याकडे काही गोधड्यांना काठ नाहीत आणि एकीला मध्य नाही. आमच्या ह्यांनी सुचवलं, “ही तिच्यात बसवून टाक, म्हणजे दोन्ही खाती बंद.” त्यांना मी बँकेतलं काही सांगायलाच नको होतं.

षटकोनी तुकड्यांची इंग्लिश पद्धतही माझ्याकडे थकीत आहे. कागदाचे षटकोन कापायचे, त्यांवर कापड दुमडून टाचायचं, तुकडे एकमेकांना शिवायचे आणि शेवटी कागद काढून घ्यायचे. पूर्वी बायका यासाठी जुनी पत्रं, पावत्या, वर्तमानपत्रं वापरायच्या. ज्यांचं काम अर्धवट राहिलं त्यांच्या गोधड्यांत ते कागद तसेच राहिले, आणि आज अभ्यासक त्या कागदांवरून गोधडीचं वय ताडतात. पूर्ण केलेलीत तो पुरावा उरत नाही! हे वाचलं त्या रात्री मला फार गाढ झोप लागली. माझ्या षटकोनांत कालनिर्णयची पानं आहेत. एकात संकष्टीचा चंद्रोदय आहे, एकात मे महिन्यातले दुधाचे खाडे, कारण मुलं मामाकडे असायची. पुढेमागे कुणी संशोधक यावरून आमच्या आहाराबद्दल काहीबाही लिहील. लिहू दे. माझं नाव मात्र पट्टीवरून बघून नीट लिहावं.

आता अडचण कापडाची. गोधडीला लागतं वापरून मऊ पडलेलं सुती कापड, आणि ते आमच्या घरात उरलं नाही याला कारण बोहारीण. बोहारणीबद्दल मला दोन शब्द बोलायचेत. दोनावर थांबणार नाही, आधीच सांगते.

घरातले पुरुष कामाला गेलेले, बायका नुकत्या आडव्या झालेल्या, नेमकी तेव्हाच जिन्यात तिची हाक यायची. आई झोपेतून उठायची ती थेट युद्धाच्या पवित्र्यात. बोहारीण उंबऱ्याबाहेर बसायची, डोक्यावरची पाटी उतरवायची, पण भांड्यांना हात लावायची नाही. आधी कपडे बघू. आईने पुढे केलेली साडी ती एका झटक्यात उलगडायची, उजेडाकडे धरायची आणि मग दोन्ही अंगठे पोतात रोवून बारीकसा हिसका द्यायची. टर्र. “ही गेलेली, ताई.” आत्तापर्यंत धड असलेली साडी तिच्या हिसक्याने गेली, हे आईला दिसायचं, मला दिसायचं, पण पुराव्याचा कायदा बोहारणीच्या बाजूने होता. काठाला जर असेल तर ती नख घासून बघायची. सर्वांत मान पँटला. कंबर मापायची, चेन वरखाली करायची, खिशात हात घालून आतल्या शिवणी चाचपायची. कर्जाच्या तारणाची इतकी कसून पाहणी मी नंतर बँकेतही क्वचितच पाहिली.

मग ती पाटीतली सर्वांत लहान वाटी पुढे ठेवायची. आई हसायची. वाटीचा चंबू व्हायचा, चंबूचा डबा. आई पातेल्याकडे बोट दाखवायची. “त्याला अजून एक पँट लागेल.” आई आत जायची. बाबांच्या एका चांगल्या पँटचं असंच एका दुपारी झाकण झालं. ती त्यांनी पुढे बरेच दिवस शोधली. आईही त्यांच्याबरोबर मनापासून शोधत होती. आणि सौदा मोडला असं दाखवून बोहारीण पाटी डोक्यावर घ्यायची, जिन्याच्या वळणापर्यंत जायची, तिथे थांबायची. आईही दार लोटून कडी न लावता आत उभी राहायची. कोण आधी बोलतं यावर सगळं होतं. कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात वाटाघाटींवर भाषणं देणाऱ्या साहेबांना मी बऱ्याच वेळा म्हणणार होते, की साहेब, एकदा आमच्या जिन्यात येऊन उभे राहा.

आईची हिरवी इरकल, लाल काठाची, टोपपदराची, अशीच गेली. तिचं पातेलं झालं. नंतर यंत्रवाला येऊन त्यावर टिंबाटिंबांनी आईचं नाव आणि तारीख घालून गेला. इरकल आज माझ्या ओट्यावर आहे; एकादशीला मी तिच्यात साबुदाणा भिजवते. ती इरकल गोधडीत असती तर, असं मैत्रिणी हळहळून म्हणतात. गोधडीत असती तर ती माळ्यावर असती. आईचा सौदा चोख होता.

आणि आता ‘मायेची ऊब’. हे शब्द पट्टीवर मी घालते, पण दुसऱ्या कुणी उच्चारले की माझं डोकं फिरतं. व्हॉट्सअ‍ॅपवर थंडी सुरू झाली, की आजीची गोधडी, तिचे सुरकुतलेले हात, प्रत्येक टाक्यात माया. कुणाची आजी होती ही? माझी साताऱ्याकडची. तिथे वाकळ म्हणतात. ऐन वैशाखात, शेतात काम नसताना आणि पाऊस यायच्या आत ती शिवायची, कारण तेवढीच दुपार तिच्या वाट्याची. ओसरीवर लुगडं पसरायचं, कडांवर दगड, वर फाटकी धोतरं, बंड्या, पोरांचे झगे थरावर थर, आणि वाकून वाकून दाभणाने टाके. दाभण बोटात गेलं की चिंधी बांधायची आणि त्याच बोटाने पुढे चालायचं. वाकळ भिजली की एकटीला उचलत नसे. ओढ्यावर पिळायला दोघी लागत, एक या टोकाला, एक त्या. मी एकदा, शहरातून गेलेली, तिला विचारलं होतं, “आजी, तुला याची हौस कधी लागली?” ती म्हणाली, “हौस कसली आलीया? पोरं कुडकुडत्यात रातीची.”

मोठ्या काकांना नोकरी लागली आणि त्यांनी घरात माणशी एक सोलापुरी चादर आणली. त्यानंतर आजीने दाभण हातात धरलं नाही. सुरू केलेली एक वाकळ होती, तीसुद्धा सोडून दिली. बैलाच्या पाठीवर टाकायला दिली. तिला त्याचं काही वाटलं नाही. उलट वैशाखातल्या दुपारी ती पहिल्यांदाच आडवी झालेली मी पाहिली, आणि कुणी उठवलं तर चिडायची.

आमच्याकडे पंखा तीनवर ठेवून वर जयपुरी रजई ओढून झोपतात. कुडकुडत कुणीच नाही. अशा घरात गोधडीचा तगादा लावणार कोण? वही? वहीला थंडी वाजत नाही. आजीची ती एक सोडली तर एकही वाकळ अर्धवट राहिली नव्हती, आणि तिने उद्दिष्ट म्हणून काही लिहून ठेवलं नव्हतं. तिला लिहिताच येत नव्हतं.

मागच्या महिन्यात भाचीचा फोन आला. तीच, दुपट्यावाली. आता तिलाच दिवस गेलेत.

“मावशी, माझं दुपटं झालं का गं?” शिंप्याकडे टाकलेल्या ब्लाउजची चौकशी करावी तसं विचारलं.

मी तुला नवीन, छान, षटकोनाचं करते, असं म्हणणार होते. तेवढ्यात तीच म्हणाली, “नवं नको. सासूबाई म्हणतात, बाळाला पहिल्यांदा जुनं सुतीच लागतं, मऊ पडलेलं.”

न शिवता ठेवलेलं दुपटं आपोआप जुनं होतं, हा फायदा माझ्या लक्षातच आला नव्हता. ट्रंक उतरवली. डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर झाला. दुपट्याची एक बाजू पूर्ण निघाली, दुसरीला नुसतं टाचण, आणि टाचणीचा गंज उमटलेले दोन पिवळे ठिपके. मऊ मात्र असं झालंय की अंगठे रोवून हिसका द्यायची सोय नाही. लॉसमधून खातं एकदम स्टॅण्डर्डमध्ये येण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेच्या नियमांत थकबाकी भरल्याशिवाय नाही, तरी मी वहीत ते वरच्या पानावर घेतलं. रकाना भरायला पुन्हा भाचीला फोन लावला.

“डॉक्टरांनी तारीख कधीची दिलीय?”

“एकतीस मार्च.”

“थोडी पुढे ढकलता येईल का?” मी विचारलं.