संगणक सुरू होत नाही: आधी कोणाला धरावे

घरातला डेस्कटॉप बटण दाबूनही ढिम्म राहिला, की अननुभवी माणूस दोष शोधायला बसतो. आधी दोषी शोधावा. दोष कुठे पळून जात नाही. दोषी मात्र क्लासला निघून जातो. ‘काल रात्री यावर शेवटी कोण बसलं होतं?’ हा प्रश्न हॉलमध्ये उभे राहून, पण स्वयंपाकघरापर्यंत पोहोचेल अशा आवाजात विचारावा. घरात बारावीचा मुलगा असेल तर चौकशीही नको, थेट निकाल द्यावा. ‘मी फक्त शटडाऊन केला’ असे तो म्हणाला, की कबुलीजबाब पुरा झाला.

चौकशी चालू असताना बटण दाबत राहावे, दर वेळी थोडे अधिक जोरात. शास्त्र इथे गृहस्थाच्या विरोधात आहे. इंटेलने १९९५ साली एटीएक्स नावाची रचना आणली, तेव्हापासून पुढचे बटण मुख्य वीज जोडतच नाही. ते मदरबोर्डवरच्या दोन बारीक पिनांची क्षणभर गाठ घालून देते. मदरबोर्ड ती वर्दी एसएमपीएसला, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या खोक्याला, देतो आणि मग एसएमपीएस वीज सोडतो. प्रकार सरकारी कचेरीतल्या अर्जासारखा आहे. खिडकीवर कितीही हात आपटला तरी फाइल वरच्या मजल्यावर अडलेली असते. ही वर्दी ऐकायला कोणी जागे हवे, म्हणून बंद संगणकातही जांभळ्या वायरीतून ५ व्होल्ट सतत चालू असतात. तेच नसतील, तर दाबून अंगठा दुखेल, एवढेच.

अंगठा दुखू लागला की भिंतीकडे वळावे. एरवी तिकडे कोणी जात नाही, कारण भिंतीला जाब विचारता येत नाही. टेबलाखाली एक्स्टेंशन बोर्ड असतो आणि त्यावर राउटर, दोन मोबाइल, डास पळवायचे यंत्र आणि कशाची ते कोणालाच माहीत नसलेली एक पांढरी वायर अशी मंडळी असतात. संगणकाची पिन अर्धी बाहेर आलेली आढळल्यास ती गुपचूप आत ढकलावी आणि तिचा उल्लेख कुठेही करू नये. पिन जागेवर असेल तर त्याच सॉकेटमध्ये मोबाइल चार्जर लावून पाहावा. मध्ये यूपीएस असेल तर त्याला वगळून वायर थेट भिंतीत लावावी. बॅटरी संपलेले यूपीएस स्वतः उठत नाहीत आणि दुसऱ्यालाही उठू देत नाहीत.

पेटीच्या मागे, वायर शिरते तिथे, एक छोटा स्विच असतो. केर काढताना तो बंद होतो. (केर कोणी काढला, हा प्रश्न विचारण्यापूर्वी आपण शेवटचा केर कधी काढला ते आठवावे आणि गप्प बसावे.) जुन्या एसएमपीएसवर शेजारीच एक लाल सरकपट्टी असते. तिच्यावर २३० दिसत असेल तर तिला स्पर्शही करू नये. ती ११५ वर सरकवून आपल्याकडची वीज सोडली, तर एसएमपीएसकडून उत्तर मिळते, पण एकदाच आणि शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल असे.

इथपर्यंत काही साधले नाही तर वायर भिंतीतून काढावी आणि पुढचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. आत साठलेली वीज त्याने निघून जाते. बघणाऱ्यांना हा मंत्रतंत्र वाटतो; वाटू द्यावा. मग वायर लावून पुन्हा पाहावे.

आता पेटी उघडण्याचा अधिकार प्राप्त होतो. वायर पुन्हा काढावी, झाकणाचे स्क्रू वाटीत ठेवावेत. आत धूळ, एक दिवंगत झुरळ आणि खंडेनवमीचे पुरावे सापडतील. संगणकाची पूजा करण्यास आमची हरकत नाही, पण झेंडूचा हार जाळीवर घातला की पाकळ्या पंख्यात जातात, आणि कुंकू मदरबोर्डला लाभत नाही. गोल नळकांड्यांसारखे कॅपॅसिटर डोक्यावर फुगलेले दिसले तर पेटी तशीच दुकानात न्यावी.

पंखा फिरतो पण डिस्प्ले येत नाही, असा प्रकार असेल तर रॅमचा विधी करावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावापर्यंत तो एकच आहे: रॅम काढायची, सोनेरी दातांवर पांढरे खोडरबर हलके फिरवायचे, दोन्ही बाजूंचे चाप ‘टक’ वाजेपर्यंत दाबून बसवायची. शाई खोडायचे निळे टोक वापरू नये, ते सोनेही खोडते. कचरा तोंडाने फुंकू नये. हा उपाय इतक्या वेळा लागू पडतो, की तो शास्त्रीय आहे यावर कोणाचा विश्वास बसत नाही. प्रत्यक्षात धूळ आणि गंज निघून संपर्क जुळतो. प्रोसेसरजवळची चार पिनांची १२ व्होल्टची वायर निसटली असेल तरीही पंखे आनंदाने फिरतात आणि पडदा काळाच राहतो, म्हणून तीही चाचपावी. आणि हो, मॉनिटरचे बटण चालू आहे ना?

एव्हाना शेजारचा जाणकार आलेला असतो. वायर भिंतीत नाही हे न पाहताच तो ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असे सांगतो. त्याला चहा द्यावा. दुकानदार मात्र पिशवी खाली ठेवण्याआधी ‘मदरबोर्ड गेला’ म्हणतो. त्याने स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्या दोन बारीक पिना टेकवून पाहिल्या का, एवढेच विचारावे. वायर लावलेली असताना पिना टेकवून संगणक सुरू झाला, तर गेलेले असते ते फक्त बटण. मग रिसेटच्या बटणाची वायर काढून पॉवरच्या पिनांवर लावावी. संगणक चालेल, फक्त सुरू करायला रिसेट दाबायचे, हे आजोबांना रोज सांगावे लागेल.

एसएमपीएसवरच संशय असेल तर त्याची वायर मदरबोर्डमधून सोडवावी, भिंतीची वीज बंद ठेवून चोवीस पिनांच्या टोकातली हिरवी आणि कोणतीही काळी यांत वाकवलेली पेपरक्लिप घालावी, मग वीज सोडावी. पंखा फिरला तर तो जिवंत आहे. भार पेलेल का, ते वेगळे. खोका उघडू मात्र नये. आतल्या कॅपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास असतात आणि वायर काढल्यावरही ते काही काळ टिकतात.

समजा, संगणक सुरू झाला. पडद्यावर एफ-वन दाबा असे येईल, कारण नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी संपलेली आहे. एफ-वन दाबल्यावर तारीख कित्येक वर्षे मागची दिसेल आणि बँकेचे पान ‘हे प्रमाणपत्र अजून वैध झालेले नाही’ म्हणून उघडणार नाही. तारीख दुरुस्त करणे हा एक मार्ग आहे. पण त्याआधी इंटरनेटवाल्याला फोन लावावा आणि पहिल्याच वाक्यात आवाज चढवावा.